एकट्या आलेल्या निर्वासित मुलाला उभारी कशी मिळते : एका बालगृहाच्या अधीक्षिकांना उत्तर

ठाणे जिल्ह्यातील एका बालगृहाच्या अधीक्षिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. म्यानमारमधील रोहिंग्या समाजातला, अंदाजे चौदा वर्षांचा एक मुलगा बाल कल्याण समितीच्या (निराधार मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या) आदेशाने त्यांच्याकडे दाखल झाला आहे. सोबत आईवडील नाहीत, नातेवाईकही नाही. रेल्वे स्थानकावर त्याच्याबरोबर सापडलेला दुसरा मुलगा वयाने मोठा असल्यामुळे वेगळ्या संस्थेत गेला. हा मुलगा कोणाशी भांडत नाही, सांगितलेले काम मुकाट्याने करतो, लहान मुलांना आंघोळीला नेतो; मात्र रात्री जागाच असतो, आणि त्याच्या गादीखाली चपात्या लपवलेल्या सापडतात. कर्मचाऱ्यांना वाटते की मुलगा मुळातच खंबीर आहे, वेळ गेला की आपोआप सावरेल. नव्या समुपदेशकांना वाटते की त्याने घडलेले सगळे एकदा बोलून टाकल्याशिवाय तो मोकळा होणार नाही. यापैकी कोणाचे ऐकावे आणि झोपेसाठी औषध सुरू करावे का, असे आपण विचारले आहे. मुलाची ओळख पटू शकेल असे जे तपशील आपण कळवले होते, ते मी या उत्तरात घेतलेले नाहीत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार ती गोपनीयता आपल्या सर्वांवर बंधनकारक आहे.

दोन्ही मते कळकळीतून आलेली आहेत, तरीही मी दोन्हींशी सहमत नाही. एक मत मुलाच्या आत बळ आहे असे धरून चालते आणि दुसरे त्याच्या आत दुःख साठले आहे असे धरून चालते. त्यामुळे संस्थेने रोज काय करायचे हा प्रश्न दोन्हींत बाजूला पडतो. माझ्या आजवरच्या कामाने मला हे पटवले आहे की अशा मुलाची उभारी मुख्यतः त्याच्या भोवतीच्या मोठ्या माणसांच्या वागण्यातून तयार होते, आणि ते वागणे ठरवून, लिहून आणि न चुकता पाळता येते.

आधी त्याच्या शांतपणाविषयी. हा मुलगा अगदी लहान असताना, म्हणजे ऑगस्ट २०१७ नंतर, राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात गेले, आणि त्याच्या पिढीतल्या असंख्य मुलांचे बालपण कॉक्स बझार येथील छावण्यांत, बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्यांत गेले. १९८२ च्या कायद्यामुळे म्यानमारने या समाजाला नागरिकत्व नाकारलेले असल्याने ‘तू कोणत्या देशाचा?’ या प्रश्नालाही त्याच्याजवळ सरळ उत्तर नाही. रांगेत, तपासणीच्या वेळी, अनोळखी माणसांसमोर गप्प राहणे आणि त्रास न देणे यावरच त्याचा जीव तगलेला आहे. म्हणून त्याचे आज्ञाधारक असणे हे तो बरा असल्याचे लक्षण मानू नये. लहान मुलांना सांभाळण्याच्या त्याच्या सवयीचे कौतुक अवश्य करावे, परंतु त्याला बिनपगारी काळजीवाहक करू नये. संस्थेत मनुष्यबळ कमी असले की हे नकळत घडते, आणि त्यामुळे त्याला खेळायला वेळ उरत नाही. जो मुलगा कधीच चिडत नाही, कधीच काही मागत नाही, त्याच्याकडे आदळआपट करणाऱ्या मुलाइतकेच लक्ष द्यावे लागते. काही आठवड्यांनी तो एखाद्या नियमावर कुरकुर करू लागला, किंवा आवडत नसलेली भाजी त्याने ताटात बाजूला ठेवली, तर मी ते सुधारणेचे चिन्ह समजेन.

उभारीविषयीचे जे अभ्यास मला विश्वासार्ह वाटतात, त्यांचा रोख एकाच दिशेला आहे. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, पालकांचा मानसिक आजार अशा अनेक ओझ्यांखाली वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली, आणि त्यांच्या आयुष्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे किमान एका मोठ्या माणसाशी असलेले स्थिर नाते. मग ते माणूस आजी असो, शेजारी असो वा शिक्षिका असो. ती मुले निर्वासित नव्हती हे खरे. पण निर्वासित मुलांवरील संशोधनाचा जो आढावा २०१२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यातही मित्रांचा आधार, शाळेतील चांगला अनुभव आणि आपल्याच समाजातील कुटुंबात संगोपन या गोष्टी मुलांना तारणाऱ्या ठरल्या, तर एकटे असणे, भेदभाव आणि नव्या देशातही वारंवार राहण्याची जागा बदलणे या गोष्टी घातक ठरल्या. म्हणजे मुलगा आपल्याकडे येईपर्यंत जे घडले ते आपण बदलू शकत नाही, परंतु आल्यानंतर जे घडते त्याचाही त्याच्या मनावर तितकाच खोल परिणाम होतो.

यावरून पहिले काम ठरते, ते म्हणजे त्याच्यासाठी एक माणूस नेमणे. शक्यतो समुपदेशक नको, कारण ते ठरावीक दिवशीच येतात. रोजच्या पाळीतील एक काळजीवाहक, ज्यांची नोकरी निदान पुढचे वर्षभर टिकेल अशी आपल्याला खात्री आहे, त्यांना हे काम लेखी द्यावे. त्यांनी दररोज ठरलेल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे त्याच्याजवळ बसावे. भाजी निवडावी, कॅरम खेळावे, कपड्यांच्या घड्या कराव्यात. बोलणे झाले नाही तरी चालेल. त्या रजेवर जाणार असतील तर आधी सांगावे, परत कधी येणार ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्याच्यासमोर खूण करून दाखवावे, आणि त्या दिवशी यावेच. माणसे न सांगता नाहीशी होतात हा या मुलाचा अनुभव आहे. तो अनुभव शब्दांनी खोडता येत नाही. सांगितल्याप्रमाणे माणूस परत येते हे त्याला पुन्हा पुन्हा दिसावे लागते. हेच तत्त्व इतर बदलांनाही लावावे. खोली बदलणे, डॉक्टरांकडे नेणे, समितीसमोर हजर करणे, यातले काहीही त्याला आदल्या दिवशी न सांगता करू नये.

आता गादीखालच्या चपात्या. त्या जप्त करू नयेत, सर्वांसमोर त्याविषयी बोलू नये, आणि ‘इथे पोटभर मिळते ना, मग चोरतोस कशाला?’ असे तर मुळीच विचारू नये. त्याला घट्ट झाकणाचा एक डबा द्यावा, त्यात चणे, शेंगदाणे, बिस्किटे असे टिकणारे काही ठेवावे, आणि हा डबा तुझा आहे, रात्री भूक लागली तर कोणाला न विचारता खा, संपले की सांग, असे त्याच्या भाषेत समजावून द्यावे. डबा दर संध्याकाळी त्याच्या देखत भरावा. सुरुवातीला चपात्याही लपवल्या जातील आणि डबाही रिकामा होईल. तरी भरत राहावे. अन्न उद्याही मिळणार आहे याची खात्री पटली की साठवण आपोआप कमी होते, आणि ती खात्री पटायला किती दिवस लागतील हे मुलाच्या उपासमारीच्या अनुभवावर अवलंबून असते.

रात्रीचे पाहू. तो कोणत्या जागी झोपतो ते एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. पाठीशी भिंत आणि नजरेसमोर दार अशी जागा बहुतेक अशा मुलांना बरी वाटते. मंद दिवा चालू ठेवावा. रात्रपाळीच्या माणसाने त्याला उठवताना अंगाला हात लावू नये. थोडे दूर उभे राहून नावाने हाक मारावी. भयस्वप्नातून तो उठला तर तो कुठे आहे, आज कोणता वार आहे, जवळ कोण आहे एवढेच शांतपणे सांगावे, पाणी द्यावे, आणि स्वप्नात काय दिसले हे विचारू नये. अंथरूण ओले होत असेल तर शिक्षा, टोमणे किंवा इतर मुलांसमोर चादर धुवायला लावणे हे सर्व बंद करावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अशा शिक्षेचे दुष्परिणाम काळजीवाहकांना समजावून सांगावेत असे म्हटले आहे. त्याच सूचनांत आपल्या औषधाच्या प्रश्नाचेही उत्तर आहे: आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात झोप येत नाही म्हणून मुलांना बेंझोडायझेपिन वर्गातील (गुंगी आणणाऱ्या) गोळ्या देऊ नयेत. या मुलाचा आघात एका दिवसाचा नाही, त्यामुळे महिना कधीपासून मोजायचा हा प्रश्न उरतोच. तरीही संस्थेने स्वतःहून, किंवा जवळच्या दवाखान्यातून चिठ्ठी आणून, झोपेची गोळी सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधी संपूर्ण शारीरिक तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय, जंत, खरूज, क्षयरोग, कानाचे दुखणे यांपैकी काहीही मुलाची झोप उडवू शकते, आणि खरजेने रात्रभर खाजवत बसलेल्या मुलाला आपण ‘मानसिक’ ठरवतो.

वेगळ्या संस्थेत गेलेल्या त्या दुसऱ्या मुलाविषयी आपण एकच वाक्य लिहिले आहे, पण मला ते सर्वात महत्त्वाचे वाटले. १९४५ मध्ये टेरेझिनच्या नाझी छावणीतून सुटलेली, तीन-चार वर्षांची सहा अनाथ मुले इंग्लंडमधील ससेक्समध्ये बुलडॉग्ज बँक येथे ठेवण्यात आली. बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि या मुलांची देखभाल करणाऱ्या सोफी डॅन यांनी १९५१ मध्ये त्यांच्याविषयी जे लिहिले, त्यात दिसते की ती मुले मोठ्यांवर आधी विश्वास ठेवत नव्हती, परंतु एकमेकांपासून क्षणभर दूर करणे त्यांना सहन होत नव्हते. एकमेकांवरील त्या मायेच्या आधारानेच ती हळूहळू मोठ्यांच्या जवळ आली. प्रवासात जोडलेला सोबती हा रक्ताचा भाऊ नसला तरी त्याने या मुलाची भूक, भीती आणि रस्ता पाहिलेला आहे. दोघांना एकत्र ठेवणे शक्य नसेल तर आठवड्यातून एक फोन आणि महिन्यातून एक भेट यासाठी समितीकडे लेखी अर्ज करावा. मात्र आधी दोघांशी वेगवेगळे बोलून, मोठा मुलगा लहानावर दबाव आणणारा किंवा पैसे घेऊन सीमा पार करून देणाऱ्या दलालाच्या बाजूचा नाही ना, याची खातरजमा करावी.

समुपदेशकांच्या मताविषयी आता सविस्तर लिहितो. एकदाच बसवून घडलेले सर्व वदवून घेण्याने मुलाला आराम पडतो असा समज फार पसरलेला आहे, आणि त्याला आधार नाही; उलट सुरक्षित वाटण्याआधी खोदून विचारल्याने त्रास वाढू शकतो. या मुलाला पोलिसांनी, समितीने, परिविक्षा अधिकाऱ्यांनी, डॉक्टरांनी आणि आपल्या संस्थेने एव्हाना तेच प्रश्न विचारून झालेले असणार. त्यामुळे चांगला दुभाषी घेऊन एकदाच नीट नोंद करावी, ती नस्तीत (फाइलमध्ये) ठेवावी, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला आधी ती वाचायला द्यावी. देणगीदार, पाहुणे, क्षेत्रकार्यासाठी आलेले विद्यार्थी यांना त्याची कहाणी ऐकवायची नाही, हा नियम संस्थेने लिहून ठेवावा. त्याच्या सांगण्यात विसंगती आढळली तर लगेच खोटे ठरवू नये. आघाताच्या आठवणी तुकड्यातुकड्यांनी येतात. शिवाय काय सांगायचे आणि काय नाही हे दलालांनी पढवलेले असू शकते, आणि घरच्यांवर त्यांचे कर्जही असू शकते. तो फोन मिळावा म्हणून धडपडत असेल किंवा काम शोधून पैसे पाठवण्याची भाषा करत असेल, तर त्यामागे हे कर्ज असण्याची शक्यता धरून चालावे.

आठवणींवर थेट काम करणारे उपचार आहेत आणि ते उपयोगीही पडतात. मुलाने जमिनीवर दोरी पसरून आपल्या आयुष्यातील सुखाच्या प्रसंगांसाठी फुले आणि दुःखाच्या प्रसंगांसाठी दगड मांडायचे, आणि मग प्रशिक्षित व्यक्तीसोबत तो क्रम सावकाश सांगत जायचे, अशी एक पद्धत निर्वासित मुलांसाठीच विकसित झाली आहे. पण ती प्रशिक्षण घेतलेल्यानेच, ठरलेल्या सत्रांत आणि मुलाचे राहण्याचे ठिकाण स्थिर झाल्यावर वापरायची असते. प्रशिक्षण नसताना दोरी, दगड आणि फुले घेऊन बसू नये, ही माझी समुपदेशकांना कळकळीची विनंती आहे. त्याने आपणहून काही सांगितले तर ऐकावे, अडवू नये, ‘विसरून जा’ म्हणू नये, आणि त्याने थांबताच आपणही थांबावे. चित्रे, माती आणि खेळ मात्र भरपूर असावेत. ठाण्यातल्या कोणत्याही मैदानावर क्रिकेट किंवा फुटबॉलला भाषा लागत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र खेळाने सुटत नाही. रोहिंग्या भाषा चितगावच्या बोलीच्या जवळची आहे. कोलकात्याची प्रमाण बंगाली बोलणारी व्यक्ती दुभाषी म्हणून आणली तर अर्धे बोलणे हवेत जाते, आणि मुलगा नम्रपणे मान डोलावत राहतो. मुंब्रा किंवा भिवंडीतील उर्दू बोलणाऱ्या गृहस्थांची प्रार्थनेच्या वेळा, जेवणातील हलाल-हरामचा प्रश्न, रमजानमधील सहरीची सोय यांत आपल्याला मोलाची मदत होईल, पण मनातले बोलण्यासाठी ते पुरेसे नाही. फोनवरून का होईना, योग्य बोली जाणणारा, मुलाच्या कुटुंबाला न ओळखणारा आणि गोपनीयता मान्य करणारा दुभाषी मिळवावा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या दिल्ली कार्यालयामार्फत त्यासाठी विचारणा करता येते. कोणत्याही मुलाला दुभाषी करू नये.

महाराष्ट्राला यातले काही अनुभवाने ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघातून बाहेर पडलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. तिथे त्यांच्या भाषेतील शाळा होत्या, चर्च होते, स्काउट पथके होती. अनेक मुलांनी आईवडील गमावले होते, पण आपल्या भाषेत रागावणारे आणि आपल्या भाषेत प्रार्थना म्हणणारे मोठे लोक त्यांच्या अवतीभवती होते. आपल्या बालगृहातील मुलाला हे काहीही नाही. म्हणून आठवड्यातून निदान एकदा त्याच्या भाषेत मोकळेपणी बोलणारे माणूस मिळणे याला मी समुपदेशनाच्या सत्राइतकेच महत्त्व देतो.

आईवडील जिवंत आहेत की नाहीत हे ठाऊक नसणे, ही या मुलांची सर्वात अवघड वेदना असते. मृत्यू कळला तर शोक करता येतो, नमाज पढता येते. काहीच कळले नाही तर आशा धरणेही जड जाते आणि सोडणेही पाप वाटते. यावर ‘सगळे ठीक होईल, आई नक्की भेटेल’ असे आश्वासन देऊ नये. आपण शोध घेत आहोत, कोणाला विचारले आहे, आणि अजून उत्तर आलेले नाही, हे खरेखरे सांगावे. दुरावलेल्या कुटुंबीयांचा शोध घेण्याचे काम रेड क्रॉस करते, आणि भारतात इंडियन रेड क्रॉस सोसायटीमार्फत त्यासाठी अर्ज करता येतो. मुलाच्या संमतीनेच हा अर्ज करावा. ज्या देशातून तो पळाला त्या देशाच्या वकिलातीशी संस्थेने परस्पर संपर्क साधू नये, कारण त्यामुळे मागे राहिलेल्या कुटुंबाला धोका होऊ शकतो. आणि एखादा ‘चाचा’ कागद घेऊन न्यायला आला तर समितीच्या चौकशीशिवाय मुलाची भेटही घडवू नये.

संस्थेत भेटीचा दिवस असतो तेव्हा इतरांचे नातेवाईक खाऊ घेऊन येतात. त्या दिवशी त्याच्या नेमलेल्या काळजीवाहकांनी आपली पाळी नसली तरी ‘त्याला भेटायला’ म्हणून तासभर यावे. दहीहंडीचे ढोल आणि ध्वनिक्षेपक, दिवाळीचे फटाके, इमारतीतील आगीचे सराव यांची कल्पना आदल्या दिवशी द्यावी आणि गोंगाट फार झाला तर बसायला एक शांत खोली ठरवून ठेवावी. धुराच्या वासाने तो सैरभैर झाला तर नवल मानू नये. कॉक्स बझारच्या छावण्यांत मार्च २०२१ च्या आगीत हजारो झोपड्या जळाल्या होत्या.

काही लक्षणे दिसल्यास मात्र वाट पाहू नये: मरणाची भाषा, स्वतःला इजा करणे, अन्न सोडणे, आवाज ऐकू येणे, हाक मारूनही भानावर न येणे, झटके येणे, किंवा वरील सर्व व्यवस्था पाळूनही काही आठवड्यांत काडीचाही फरक न पडणे. अशा वेळी ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचा मानसोपचार विभाग येथे न्यावे. तातडीच्या सल्ल्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे.

शाळेचा निर्णय लांबवू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहा ते चौदा वयोगटातील मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. मुलगा चौदाच्या उंबरठ्यावर असल्याने ही घाई खरोखर महत्त्वाची आहे.

वयाचा प्रश्न समितीसमोरही येईल. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला पाहिला जातो आणि तो नसेल तरच हाडांची तपासणी होते. तिच्यात एकदोन वर्षांचा फरक राहू शकतो. क्ष-किरण कशासाठी, कपडे किती काढावे लागतील, सोबत कोण असेल हे त्याला आधी सांगावे. नागरिक नसल्याने कायदा लागू नाही असे कोणी म्हटले तर काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाच्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही, हे नम्रपणे दाखवून द्यावे. भारत १९५१ च्या निर्वासित कराराचा सदस्य नाही, परंतु संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता त्याने १९९२ मध्ये स्वीकारली आहे, आणि तिच्या अनुच्छेद २२ मध्ये एकट्या निर्वासित बालकाचा स्पष्ट उल्लेख आहे. मोफत वकिलासाठी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. त्याला पुढे नवी मुंबईतील संस्थेत हलवण्याचे घाटत असेल, तर ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात आणि खारघर-पनवेल रायगड जिल्ह्यात आहे हे ध्यानात ठेवावे. जिल्हा बदलला की समिती बदलते, नस्ती मागे राहते आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगावे लागते. म्हणून बदलीला, ती अगदी अटळ नसेल तर, लेखी हरकत घ्यावी.

पुढच्या सुनावणीच्या वेळी वैयक्तिक संगोपन आराखड्यात नेमलेल्या काळजीवाहकांचे नाव, दुभाषाची व्यवस्था, सोबत्याशी भेटी आणि शाळाप्रवेशाची तारीख या गोष्टी लिहून घ्याव्यात. त्याच आराखड्यात अठराव्या वर्षानंतरचे एक पान आतापासून उघडावे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ नुसार एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय होऊ शकते, पण ती आपोआप मिळत नाही, आणि कागदपत्रांविना असलेल्या मुलाच्या बाबतीत त्यासाठीचा पत्रव्यवहार फार आधी सुरू करावा लागतो.